१९६५ सालची एमजीबी: पावसाळ्यानंतर सेल्फ मंद, पंप अडतो आणि घाटात इंजिन तापते

खाडीकाठ (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. काकांकडून माझ्याकडे आलेली १९६५ सालची एमजीबी रोडस्टर (बिनछताची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) भाट्याला आमच्या घरामागच्या मांगरात असते आणि समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर आहे. १७९८ सीसीचे इंजिन, एस. यू. कंपनीचे दोन कार्ब्युरेटर, डायनामो आणि सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, असे सारे मूळचेच आहे. जूनमध्ये ताडपत्रीने गच्च झाकलेली गाडी दसऱ्याला बाहेर काढली, तेव्हापासून तीन तक्रारी सुरू झाल्या आहेत.

सेल्फ मारला की इंजिन जेमतेम फिरते. दोन्ही बॅटऱ्या नव्या घेतल्या, सेल्फ उतरवून त्याचे कार्बन ब्रश बदलून घेतले, तरी फरक पडला नाही. उलट लागोपाठ दोन-तीनदा प्रयत्न केल्यावर चोकची तार हात लावता येऊ नये इतकी तापलेली आढळली, जे जरा विचित्रच वाटले. दुसरे असे की पेट्रोल पंपाची टकटक अधूनमधून ऐकूच येत नाही आणि लाकडी दांड्याने हलके ठोकल्यावर तो पुन्हा चालू होतो. तिसरे म्हणजे, साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढताना तापमानाचा काटा भराभर वर जातो आणि सपाटीला लागल्यावर खाली येतो, मात्र रेडिएटरमधले पाणी कमी होत नाही.

येथील मेकॅनिकच्या मते हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधले पॅकिंग) गेले आहे आणि ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेली) असल्यामुळे सगळे वायरिंग उलटे करून घ्यावे लागेल. दारांखालचा पत्राही गंजलेला आहे. कोणते काम आधी हाती घ्यावे?

जुने गॅरेज (कुडाळ)

ज्याला आपण विचित्र म्हणून बाजूला ठेवले आहे, त्यातच पहिल्या तक्रारीचे उत्तर आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून तुटलेले असतात आणि त्यांना बॉडीशी जोडणारी एक जाड अर्थपट्टी असते. ती तुटली किंवा तिच्या बोल्टखाली गंज धरला, की सेल्फने ओढलेला शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह मिळेल त्या वाटेने परततो. कार्ब्युरेटरपर्यंत गेलेली चोकची तार ही अशीच एक आडवाट आहे. म्हणून ती तापते. अशा वेळी नव्या बॅटऱ्यांचा काहीही उपयोग होत नाही.

खात्री करून घेण्यासाठी कॉइलची वायर काढून ठेवावी, म्हणजे इंजिन फिरेल पण चालू होणार नाही. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थ केलेल्या खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे) आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर धरून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर दोष अर्थच्या वाटेत आहे असे समजावे आणि मग खुंटी ते क्लॅम्प, क्लॅम्प ते बॉडी, बॉडी ते इंजिन असे टप्प्याटप्प्याने मोजत जावे. दोन बॅटऱ्यांना जोडणारी मधली केबलही विसरू नये, कारण तिच्यामुळे आणखी दोन सांधे वाढतात. पट्टीची दोन्ही टोके आणि त्यांच्याखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि नंतर वरून व्हॅसलीन लावावे. समुद्राकाठी दाराच्या कड्यासुद्धा टिकत नाहीत, तिथे साठ वर्षांचा बोल्ट काय टिकणार!

पंपाचे दुखणे याच जातीचे आहे. एस. यू. पंपात पॉइंट (उघडझाप करणारे विजेचे संपर्क) असतात आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की त्यांच्यावर थर चढतो. ठोकल्याने तो तेवढ्यापुरता सुटतो. पॉइंट साफ करावेत आणि पंपाची स्वतंत्र अर्थ वायरही घासून पुन्हा बसवावी. हे काम बॅटरी सोडवून, मोकळ्या हवेतच करावे. त्याच वेळी पेट्रोलचे जुने रबरी पाइप बदलून टाकावेत, कारण हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबर फुगते आणि त्याला भेगा पडतात.

घाटावरचा (कोल्हापूर)

वायरिंग उलटे करण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. १९६७ पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्याच होत्या आणि त्या तशा उत्तम चालत. बदल करायचाच झाला तर डायनामोचे ध्रुव बदलावे लागतात, कॉइलच्या वायरी अदलाबदल कराव्या लागतात आणि आपल्या सालच्या टॅकोमीटरमध्ये आतून फेरफार करावा लागतो. गंजलेला सांधा मात्र यातल्या कशानेही सुधारत नाही.

पाणी कमी होत नसेल आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येत नसतील, तर हेड उघडण्याची घाई करू नये. रेडिएटरमध्ये आपण कोणते पाणी घालता? किनाऱ्यावरच्या विहिरीचे मचूळ पाणी घालत असाल, तर ते आजच थांबवावे. या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे असल्याने आतला गंज गाळ होऊन ब्लॉकच्या मागच्या भागात साचतो. ब्लॉकवर पाणी सोडण्याची तोटी असते. ती उघडूनही पाणी आले नाही तर गाळ भरला आहे हे निश्चित समजावे. तारेने टोचून तो मोकळा करावा, स्वच्छ पाणी वाहीपर्यंत धुवावे आणि मग डिस्टिल्ड वॉटर व कूलंट भरावे.

त्यानंतर डेल्कोचे (डिस्ट्रिब्युटरचे) टाइमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पाहावे, कारण टाइमिंग मागे राहिले तर इंजिन चढावर तापतेच. शेवटी पेट्रोल-हवेचे मिश्रण तपासावे. इथेनॉल आपल्यासोबत प्राणवायू घेऊन येत असल्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण सौम्य (पेट्रोल कमी, हवा जास्त) पडते. गरम इंजिन आयडलवर ठेवून कार्ब्युरेटरचा पिस्टन त्याच्या पिनने जेमतेम ०.८ मिलिमीटर उचलावा. इंजिन बंद पडू लागले तर मिश्रण सौम्य आहे, वेग वाढून तसाच राहिला तर जास्त दाट आहे आणि क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला तर योग्य आहे. सौम्य असल्यास जेटखालचा नट एकेक पैलू (नटाची एक बाजू) खाली फिरवावा आणि दोन्ही कार्ब्युरेटरांची तपासणी वेगवेगळी करावी.

खाडीकाठ (रत्नागिरी)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. अर्थपट्टीचे चार-पाच धागेच शिल्लक होते. इंजिनपाशी १.९ व्होल्ट दाखवणारा मीटर नवी पट्टी बसवल्यावर ०.२ वर आला आणि चोकची तार आता थंड राहते. पाणी विहिरीचेच होते, हे कबूल करतो. ब्लॉकच्या तोटीतून थेंबही आला नाही. तारेने टोचल्यावर लाल चिखल निघाला. घाटाची परीक्षा रविवारी घेईन. दारांखालचा गंजका पत्रा मात्र पत्राकाम करणारे गृहस्थ उद्याच कापू म्हणत आहेत.

जुने गॅरेज (कुडाळ)

उद्या कापू देऊ नये. या गाडीला वेगळी चॅसी नाही आणि रोडस्टरला छतही नाही, त्यामुळे दारांखालच्या त्या पेट्याच गाडीचा कणा आहेत. आधार न देता त्या कापल्या तर गाडी मधोमध वाकते आणि नवा पत्रा त्याच वाकलेल्या स्थितीत वेल्ड होतो. मग दारे कधीच नीट लागत नाहीत. आधी गाडी सपाट जमिनीवर भक्कम टेकूंवर घ्यावी, दारांच्या कडेची फट वर, मध्ये आणि खाली मोजून लिहून ठेवावी आणि एका वेळी एकच बाजू उघडावी. बाहेरचा पत्रा चांगला दिसला तरी आतला तपासल्याशिवाय झाकू देऊ नये. काम झाल्यावर पेटीत मेण फवारून घ्यावे आणि तळाची पाणी वाहून जाण्याची भोके उघडी राहिली आहेत ना, हे स्वतः पाहावे.

पुढच्या जूनमध्ये ती ताडपत्री वापरू नये. तिच्याखाली दमट हवा कोंडते. मांगराला छप्पर आहेच, तेव्हा गाडीवर सुती चादर पुरेशी आहे. सध्या दारांच्या फटी किती आहेत ते मोजून इथे कळवावे, म्हणजे गाडी आधीच वाकली आहे का, हे समजेल.