मदत हवी आहे: रेंडर ४३ टक्क्यांवर अडकतंय, 'मेमरी कमी आहे' (रविवारी कार्यक्रम!)

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी चिपळूणला आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. जेवणं सुरू व्हायच्या आधी दाखवायला मी १४ मिनिटांची फिल्म केली आहे, आणि ती संगणकाच्या बाहेर यायलाच तयार नाही.

वेगास प्रो (व्हिडिओ एडिटिंगचा प्रोग्रॅम) वापरते, जुनी आवृत्ती पण ६४-बिट. रेंडर (म्हणजे सगळं जोडून एक व्हिडिओ फाइल बनवणं) सुरू केलं की पंखा गरगरतो, ४३ टक्क्यांपर्यंत सगळं सुरळीत, आणि मग चौकट येते: मेमरी कमी आहे, इतर प्रोग्रॅम बंद करून पाहा. आता बंद करायला काही उरलेलंच नाही! क्रोम बंद, व्हॉट्सॲप बंद, अँटिव्हायरसही तासभर गप्प बसवला. काल रात्री चार वेळा केलं, चारही वेळा ४३.

यंत्र: सहा कोअरचा आय-५, १६ जीबी रॅम, ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबीची एसएसडी, त्यात १४० जीबी मोकळी. फिल्ममध्ये व्हिडिओ थोडाच आहे, मामाने फोनवर घेतलेल्या आजीच्या गप्पा, फुल एचडी. बाकी सगळे जुने फोटो, १८६. जेपीजीच आहेत, एकेक ८-१० एमबीचा. म्हणजे सगळे मिळून दोन जीबीसुद्धा होत नाहीत. १६ जीबीत दोन जीबी का मावू नयेत?

आणखी एक कोडं. अडकतं त्या क्षणी टास्क मॅनेजरमध्ये रॅम ७०-७२ टक्केच वापरलेली दिसते. मग कमी पडतंय ते नक्की काय?

सोलापुरी_चादर

४३ वर अडकतंय तर ४२ वर फिल्म संपवा. (पळतो.)

बरं, गंभीरपणे: आणखी १६ जीबी रॅम टाका. विषय संपला.

वाशिष्ठीकाठ

रॅम मागवून हातात यायला मंगळवार उजाडेल. आजीचे चंद्र थांबतील हो, हॉलवाला थांबणार नाही.

टाइमलाइन_तात्या

रॅमचे पैसे तूर्त खिशातच ठेवा. लग्नाच्या व्हिडिओंवर माझी बरीच वर्षं गेली आहेत. दर वेळी त्याच टक्क्यावर अडकतं म्हणजे खोट फिल्ममधल्या त्या जागेत असते, मशीनचा लहरीपणा नव्हे. तेव्हा आधी एवढं सांगा. ४३ टक्क्यांच्या आसपास टाइमलाइनवर (फोटो-व्हिडिओ क्रमाने मांडलेत त्या पट्टीवर) काय आहे? फोटोंची मापं पिक्सेलमध्ये किती? एमबी नकोत, पिक्सेल. प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये पिक्सेल फॉरमॅट काय निवडलाय? आणि अडकतं तेव्हा टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर, मेमरीखाली 'कमिटेड' म्हणून दोन आकडे असतात, ते.

वाशिष्ठीकाठ

४३ टक्के म्हणजे साधारण सहावं मिनिट. तिथे कोलाज आहे. आजीसकट नऊ भावंडं, नऊ ट्रॅकवर नऊ फोटो एकाच वेळी, प्रत्येक हळूहळू मोठा होत जातो. त्यावर माझे तीन दिवस गेलेत, ते काढून टाका असं म्हणू नका.

फोटो ७२०० बाय ४८००. त्याचं कारण सांगते. २०२१च्या जुलैतल्या पुरात आमच्या तळमजल्यावर छातीभर पाणी होतं आणि अल्बम कपाटाच्या खालच्या कप्प्यात. चिकटलेली पानं सोडवून पंख्याखाली वाळवली, त्यातून जे वाचले ते स्कॅन करताना ठरवलं की जेवढं मोठं करता येईल तेवढं करायचं. स्कॅनरवर १२०० डीपीआय (इंचाला १२०० ठिपके) दिसलं, ते निवडलं.

पिक्सेल फॉरमॅट ३२-बिट फ्लोटिंग पॉइंट. दर्जा वाढतो असं एका व्हिडिओत ऐकलं होतं.

कमिटेड १५.६/१५.९ जीबी. हे काय असतं?

टाइमलाइन_तात्या

सापडलं. चोर एक नाही, तीन आहेत, आणि तिघांनी मिळून तुम्हाला कोलाजच्या दारात गाठलंय.

जेपीजी म्हणजे घडी घालून ठेवलेली नऊवारी. कपाटात वीतभर जागा घेते, उलगडली की खोलीभर होते. पडद्यावर दाखवायचा तर फोटो पूर्ण उलगडावाच लागतो. ७२०० गुणिले ४८०० म्हणजे सुमारे ३ कोटी ४५ लाख पिक्सेल. ८-बिटमध्ये पिक्सेलला ४ बाइट धरा, झाले १३८ एमबी. ३२-बिट फ्लोटमध्ये पिक्सेलला १६ बाइट लागतात, म्हणजे ५५३ एमबी. एका फोटोला! नऊ एकदम आले की जवळपास ५ जीबी. हिशेब ढोबळ आहे, पण त्यात फक्त एक फ्रेम धरली आहे, आणि वेगास तर वेगवेगळ्या थ्रेडवर (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगांवर) पुढच्या फ्रेमही तयार करायला घेतो. पहिल्या सहा मिनिटांत एका वेळी एक-दोनच फोटो होते, म्हणून गाडी चालली. तुलनेला सांगतो, फुल एचडीची पूर्ण फ्रेम ८-बिटमध्ये जेमतेम ८ एमबीची असते. तेवढ्या पडद्यासाठी तुम्ही हा डोंगर उचलताय.

आता तुमचं कोडं. प्रोग्रॅमने मेमरी मागितली की विंडोज आधी नुसता शब्द देतं, 'देईन'. ती मेमरी अजून वापरली नसली तरी शब्द दिला तो दिला. असे किती शब्द द्यायचे याची मर्यादा असते: रॅम अधिक पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल). तुमची मर्यादा १५.९, म्हणजे रॅमएवढीच. याचा अर्थ पेजफाइल बंद आहे. म्हणून रॅम ७० टक्के दिसत असतानाही नवा शब्द द्यायला विंडोजकडे काही उरत नाही. कोणी बंद केली?

वाशिष्ठीकाठ

नऊवारीचं उदाहरण आजीला वाचून दाखवलं, खूश झाली.

एसएसडी बसवताना दुकानदार म्हणाला होता की याने एसएसडी झिजते, बंद ठेवतो. तेच असणार. मी मान डोलावली होती.

टाइमलाइन_तात्या

सगळेच डोलावतात. पेजफाइलने थोडं लिखाण वाढतं हे खरं, पण १६ जीबीच्या मशीनवर एडिटिंग करायचं तर ती हवीच. स्टार्टमध्ये 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' शोधा, परफॉर्मन्सखालचं सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड, व्हर्च्युअल मेमरी, चेंज. तिथे वर 'ऑटोमॅटिकली मॅनेज' असं लिहिलेल्या चौकटीत खूण करा आणि मशीन रीस्टार्ट करा.

पिक्सेल फॉरमॅट ८-बिट करा. जेपीजी मुळातच ८-बिट आहेत आणि फोनवरचा व्हिडिओही बहुतेक तसाच असेल. नसलेला दर्जा फ्लोटने येत नाही. मात्र बदलल्यावर डिझॉल्व्ह (एक दृश्य विरत दुसरं येतं ते) आणि रंग एकदा डोळ्यांखालून घाला, किंचित फरक दिसू शकतो. मग ऑप्शन्स, प्रेफरन्सेस, व्हिडिओ. तिथे 'डायनॅमिक रॅम प्रिव्ह्यू' (प्रिव्ह्यूसाठी राखलेली रॅम) रेंडरपुरता शून्यावर आणा आणि रेंडरिंग थ्रेड ४ करा. वेळ जास्त लागेल, पण एका वेळी हातात कमी फ्रेम असतील.

खरा इलाज फोटो लहान करण्यात आहे, बाकीची मलमपट्टी.

पडवीतला

मध्येच बोलतो. वेळ नसेल तर तुकडे पाडा. टाइमलाइनवर कोलाजपर्यंतचा भाग निवडून रेंडर करताना 'रेंडर लूप रीजन ओन्ली'वर खूण करायची, मग नुसतं कोलाज, मग उरलेलं. तीन फाइली नव्या प्रोजेक्टमध्ये जोडायच्या. माझी एक आख्खी एकांकिका मी अशीच बाहेर काढली होती.

प्रीमियर प्रो (दुसरा एडिटिंग प्रोग्रॅम) वापरणारे कोणी इथे आले तर: तिथे प्रेफरन्सेसच्या मेमरी पानावर 'ऑप्टिमाइझ रेंडरिंग फॉर' असतं, ते परफॉर्मन्सवरून मेमरीवर न्या.

टाइमलाइन_तात्या

तुकडे चालतील, पण कोलाजचा तुकडा तरीही तिथेच अडकेल, कारण जड तोच आहे. शिवाय जोडताना पुन्हा रेंडर, म्हणजे दर्जा आणखी एक पायरी खाली.

वाशिष्ठीकाठ

अपडेट. पेजफाइल सुरू, ८-बिट, प्रिव्ह्यू शून्य, थ्रेड ४. आणि ४३ ओलांडलं!!! पण कोलाजमध्ये इतकं रेंगाळलं की पुढचे सात टक्के जायला सव्वा तास लागला, मग लाइट गेली. आता फोटो लहान करायचे. पण किती? आणि पुरातून वाचवलेले फोटो लहान करायला हात धजत नाही.

टाइमलाइन_तात्या

मूळ स्कॅनना हात लावायचाच नाही. ते फोल्डर आधी बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवा, मग प्रतीवर काम. तसंही जुन्या छापील फोटोत ३०० ते ६०० डीपीआयच्या पुढे बहुधा कागदाचा पोत आणि धूळच हाती लागते. ठेवा, पण फिल्मला नको.

पडदाभर येणारे फोटो, ज्यात तुम्ही झूम केलाय, ते लांब बाजू ३८४० करा. दुप्पट झूमपर्यंत फुल एचडीत फोटो भुरकट होणार नाही, आणि एक फोटो १३८ वरून ३९ एमबीवर येईल. कोलाजमधले नऊ मात्र १२८० पुरे, तिथे प्रत्येकाला पडद्याचा तिसरा हिस्साच मिळतोय. नऊ मिळून ४० एमबीच्या आत बसतात. काल तेच ५ जीबी होते.

इरफानव्ह्यू या फोटोंच्या प्रोग्रॅममध्ये बॅच कन्व्हर्जन (अनेक फोटो एकदम बदलणं) आहे, १८६ फोटो काही मिनिटांत होतील. नावं तीच ठेवा, फोल्डर वेगळं. मग वेगासच्या प्रोजेक्ट मीडियात फोटोवर उजवी क्लिक, रिप्लेस. आधी एकाच फोटोवर करून बघा: पॅन/क्रॉपची चौकट (फोटोचा कोणता भाग दिसेल ते ठरवणारी) जुन्या पिक्सेलांच्या हिशेबाने राहते, त्यामुळे फोटो पडद्यावर एवढासा दिसू शकतो. तसं झालं तर घाबरू नका, चौकट नव्याने बसवायची.

सोलापुरी_चादर

मी रॅमचा सल्ला मागे घेतो.

वाशिष्ठीकाठ

झालं!!! पहाटे तीन. तात्या म्हणाले तसंच झालं, झूम केलेले फोटो एवढेसे दिसायला लागले. सगळे १८६ बदलायची ताकद नव्हती. कोलाजचे नऊ आणि तीन-तीन फोटो एकत्र येतात ते एकवीस, एवढेच बदलले आणि त्यांच्या चौकटी हाताने पुन्हा बसवल्या. बाकीचे एकेकटे येतात, ते तसेच सोडले. कमिटेड ९ जीबीच्या वर गेलंच नाही. पूर्ण रेंडर २६ मिनिटांत, फाइल १.६ जीबी.

आता शेवटचा प्रश्न. हॉलवर मोठा टीव्ही आहे, पेनड्राइव्हवरून चालेल ना? पेनड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे.

टाइमलाइन_तात्या

एफएटी-३२ वर एक फाइल ४ जीबीच्या आत हवी, तुमची १.६, चालेल. फाइल एमपी-४, एच.२६४ आहे ना तेवढं बघा. शनिवारीच हॉलवर जाऊन मधलं एक मिनिट लावून बघा, आवाजासकट. दुसऱ्या पेनड्राइव्हवर एक प्रत मामांच्या खिशात.

आजींना नमस्कार सांगा.