बँकेने गुपचूप कापलेले पैसे : तुमचे अनुभव लिहा

गिरगावकरीण
लेकीला पहिली नोकरी लागली, अंधेरीला. कंपनीनेच नवीन खातं उघडून दिलं. परवा जेवताना म्हणाली, आई माझ्या कॉलेजच्या जुन्या खात्यातून २३६ रुपये कापले गेलेत, जाऊदे ना. त्या ‘जाऊदे ना’वरून मला आमची आईच आठवली. ठाकूरद्वारच्या चाळीत असताना ती पासबुक भरून आणायची आणि रात्री भांडी आवरली की लाल पेन घेऊन एकेक नोंद बघायची. जी कळली नाही तिच्यावर गोल. दुसऱ्या दिवशी तो गोल घेऊन थेट काउंटरवर. बाबांना फार लाज वाटायची, म्हणायचे दहा-वीस रुपयांसाठी कशाला. आई म्हणायची, दूधवाल्याने चार आणे जास्त लावले तर अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं भांडता, मग बँक काय जावई लागून गेली का?

तर मी लेकीला बसवलं आणि वर्षाचं स्टेटमेंट काढलं. २३६ म्हणजे २०० रुपये डेबिट कार्डाची वार्षिक फी आणि वर १८ टक्के जीएसटी. ते कार्ड तिने एकदाही वापरलं नाहीये. शिवाय दर तिमाहीला एसएमएसचे पैसे, आणि मधेच मिनिमम बॅलन्सचा दंड. म्हणजे पडून असलेलं खातंच सगळ्यात जास्त खातंय! कार्ड परत केलं, खातं बंद करायचा अर्ज दिला.

तुमच्याकडे काय काय सापडलं? भांडून परत मिळवलं असेल तर कसं तेही लिहा.

विरारफास्ट
लोकलमध्ये उभ्याने टाइप करतोय चुका समजून घ्या. भावाने नोकरी सोडली आणि सॅलरी अकाऊंट तसंच ठेवलं. तीनेक महिने पगार आला नाही की ते साधं सेव्हिंग होतं आणि मिनिमम बॅलन्स लागू होतो हे घरात कुणाला माहीत. होते तेवढे चार्जमध्ये गेले आणि वर मायनस दाखवायला लागले. शाखेत गेला तर म्हणे आधी मायनस भरा मग बंद करू. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे १ एप्रिल २०१५ पासून की नुसत्या मिनिमम बॅलन्सच्या दंडापोटी खातं मायनसमध्ये नेता येत नाही. मेलमध्ये तेवढं एक वाक्य टाकलं, गपचूप शून्य केलं. मीरा रोड आलं, दारात माणसं चढतायत, बाकी नंतर

सुगरण_पण_आळशी
हो आणि आता तर बऱ्याच सरकारी बँकांनी मिनिमम बॅलन्सच काढलाय. स्टेट बँकेने २०२० ला, कॅनरा, पंजाब नॅशनल, बडोदा यांनी २०२५ मध्ये. मग कशाला त्या दहा हजार अडकवणाऱ्या बँकेत घरखर्चाचं खातं ठेवायचं

परळचा_जावई
^^ ॲप चांगलं असतं म्हणून 😅

खर्डाभाकरी
आमच्या दिराचं सांगते. क्रेडिट कार्डाचं २० हजाराचं बिल, हा दर महिन्याला फक्त ‘मिनिमम ड्यू’ म्हणजे बिलातली किमान रक्कम भरायचा १००० रुपये आणि वर सांगायचा वहिनी मी कधी बिल चुकवत नाही. एक दिवस त्याला वहीत मांडून दाखवलं. व्याज महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे ७००, त्याच्यावर जीएसटी १२६, झाले ८२६. हजार भरले त्यातले १७४ रुपये फक्त उधारीतून कमी झाले!! आणि मागचं पूर्ण भरलं नसेल तर नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज, ते ४५-५० दिवस बिनव्याजी वगैरे काही मिळत नाही, म्हणजे महिन्याचं वाणसामानसुद्धा व्याजाने. दीर गप्पच झाला. मग त्याची एक एफडी होती साडेसहा-सात टक्क्याची ती मोडायला लावली. एफडी मोडू नये मोडू नये म्हणतात पण इकडे वर्षाला ४२ टक्के जातायत की

परळचा_जावई
कार्ड कापलं का मग?

खर्डाभाकरी
नाही. सासूबाईंनी तांदळाच्या डब्यात ठेवलंय. मागायची हिंमत नाही त्याची

डोंबिवलीत_सगळं_मिळतं
एटीएमचं कुणी लिहिलं नाही अजून. आमचे वडील बॅलन्स बघायला रोज संध्याकाळी फिरायला जाताना वाटेतल्या एटीएममध्ये जायचे, पैसे काढायचे नाहीत, नुसता बॅलन्स बघायचे आणि स्लिप खिशात. आपल्या बँकेचे महिन्याला ५ व्यवहार फुकट, दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मुंबईसारख्या मेट्रोत ३ आणि इतरत्र ५. त्यात बॅलन्स बघणंही धरतात! १ मे २०२५ पासून पुढच्या प्रत्येक व्यवहाराला २३ रुपयांपर्यंत आणि वर जीएसटी. वडिलांना मिस्ड कॉल देऊन बॅलन्स कळतो ते शिकवलं. आता फिरायला जायला कारण उरलं नाही म्हणून आई वैतागलीये

चेंबूरमावशी
डोंबिवली मेट्रोत धरतात का हो?

डोंबिवलीत_सगळं_मिळतं
बिल्डरच्या जाहिरातीत तर नक्कीच धरतात

निवृत्त_काउंटर
मी काउंटरच्या आतल्या बाजूला नोकरी केली, त्यामुळे दोन शब्द लिहितो. चार्ज परत करण्याचा अधिकार बहुतेक ठिकाणी शाखेकडे काही रकमेपर्यंत असतो. पण आरडाओरडा करणाऱ्याचं काम होतं हा गैरसमज आहे. लेखी अर्ज, त्यावर पोच, नोंदीची तारीख आणि रक्कम असेल तर आम्हालाही वर दाखवायला कागद मिळतो. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तक्रारींसाठीच्या सीएमएस पोर्टलवर, त्याला एक पैसा लागत नाही. माहितीसाठी १४४४८ नंबर आहे. आणखी एक, एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले तर बँकेने पाच दिवसांत परत करायचे असतात, त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई. ही मागावी लागू नये असा नियम आहे, तरी मागावी.

सुगरण_पण_आळशी
काका राग मानू नका पण लंच टाइम एवढा मोठा का असायचा 😀

निवृत्त_काउंटर
डबा मोठा असायचा.

गिरगावकरीण
😂😂 काका आमच्या आईला ओळखत असाल तुम्ही

एसआयपीवाला
माझा मुद्दा तारखांचा. बायकोचा पगार ७ तारखेला, एसआयपी (म्युच्युअल फंडात खात्यातून आपोआप जाणारे महिन्याचे हप्ते) सगळ्या १ ला लावलेल्या कारण एजंटने फॉर्म भरला. एका महिन्यात बॅलन्स कमी पडला आणि तीन मँडेट बाउन्स, म्हणजे हप्ते कापलेच गेले नाहीत, दंड प्रत्येकी ५०० आणि जीएसटी, म्हणजे १७७० रुपये एका सकाळी. म्युच्युअल फंडवाले काही घेत नाहीत, आपली बँक घेते. आता ईएमआय, एसआयपी, विम्याचा हप्ता सगळं १० तारखेला. सोसायटीचा मेंटेनन्स तेवढा मी मुद्दाम उशिरा भरतो कारण सेक्रेटरीशी वाद चालू आहे, पाण्याच्या टाकीवरून, तो विषय वेगळा

चेंबूरमावशी
टाकीचं लिहा ना, आमच्याकडेही तेच

गोरेगाव_पूर्व
सगळे शे-दोनशेच्या मागे लागलेत, घराच्या कर्जाकडे बघा लोकहो. २०२५ मध्ये रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उधार देते तो, ६.५० वरून डिसेंबरपर्यंत ५.२५ झाला. आमच्या वरच्या मजल्यावरच्यांचा दर आपोआप उतरला कारण त्यांचं कर्ज रेपोला जोडलेलं. आमचं जुनं, एमसीएलआरवर म्हणजे बँक स्वतःच ठरवते त्या दरावर, तो हलेचना. ऑक्टोबर २०१९ नंतरची बँकांची फ्लोटिंग (बदलत्या व्याजाची) गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात, जुन्या लोकांनी स्वतःहून अर्ज केला तरच बदलून मिळतं. नवऱ्याला म्हटलं जा, तर मीटिंग मीटिंग. शेवटी मीच हाफ डे टाकून गेले, बदलायची फी भरली, काही महिन्यांत वसूल. तिथल्या मुलीने विचारलं मॅडम ईएमआय कमी करू का? म्हटलं नको, तोच ठेव, मुदत कमी कर. आणि फ्लोटिंग कर्ज आधी फेडलं तर दंड लावता येत नाही, तरी ती ‘थोडा चार्ज असतो’ म्हणत होती, साहेबांना विचारून आली आणि मग नसतो म्हणाली.

३० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं धरलं तर हप्ता साधारण २६ हजार आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त, ३२ लाखांच्या पुढे. वर्षाला एकच हप्ता जादा भरला तरी तीन वर्षांहून जास्त मुदत कमी होते. आमचा दिवाळीचा बोनस तिकडेच जातो, कंदील पोरं घरीच बनवतात

एसआयपीवाला
पण तोच पैसा शेअर बाजारातल्या इंडेक्स फंडात टाकला तर…

गोरेगाव_पूर्व
आला! मला माहीत होतं कोणीतरी येणार. टाका हो तुम्ही, मला रात्री झोप लागते माझ्या पद्धतीने

लालबागची_सून
सासरे गिरणीत होते. ते सांगायचे पगाराच्या दिवशी गेटवर पठाण उभा असायचा व्याजाला, पगार घरी यायच्या आधीच अर्धा व्हायचा. ८२ च्या संपानंतर तर गेटच बंद. त्यामुळे आमच्याकडे कर्ज म्हटलं की सासूबाई आधी पाणी पितात. आम्ही बायका बिल्डिंगमध्ये भिशी लावतो, कुणाच्या घरी दवाखाना निघाला तर तिला पहिला नंबर. फ्रिज, मुलाचा लॅपटॉप सगळं त्यातून. ‘नो कॉस्ट ईएमआय’ घेतला होता जावेने, प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागलाच की, आणि रोख घेतला असता तर दुकानदार डिस्काउंट देत होता तो गेला. कसला नो कॉस्ट

विरारफास्ट
आलो परत, घरी पोचलो. अजून एक. आईच्या खात्यातून मे अखेरीला ४३६ आणि २० रुपये कापले, मी भांडायच्या तयारीत. तो चार्ज नव्हता, विमा होता, जीवन ज्योती आणि सुरक्षा बीमा, दोन दोन लाखांचा. तिने कधी सही केली तिला आठवत नाही पण राहू दे म्हटलं. फक्त दुसऱ्या बँकेतूनही कापत होते, आणि क्लेम एकाच खात्यावर मिळतो, म्हणून दुसरीकडचा बंद केला

चेंबूरमावशी
माझ्या आईचं रत्नागिरीला जुनं खातं आहे, पंधरा वर्षं तरी कोणी गेलं नाही. चार्ज कापून संपले असतील ना? आई आता नाही

निवृत्त_काउंटर
ताई, सगळे गेले असतील असं धरू नका. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, आणि निष्क्रिय खात्याला मिनिमम बॅलन्सचा दंड लावता येत नाही. दहा वर्षांनंतर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते पण वारसाला परत मागता येते. रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर आईंच्या नावाने शोधा, पॅन किंवा जन्मतारीख जवळ ठेवा. सापडलं तर मृत्यूचा दाखला घेऊन शाखेत जा. निष्क्रिय खातं चालू करायला फी मागितली तर देऊ नका.

चेंबूरमावशी
खूप आभार काका. भावाला सांगते, गणपतीला जाणारच आहे तो

सुगरण_पण_आळशी
लालबागची सून, तुमच्या भिशीत जागा आहे का? बाहेरची चालते?

लालबागची_सून
एक नंबर रिकामा आहे, पण दर महिन्याला खाणं जिच्या घरी असतं तिनेच करायचं, बाहेरून मागवलेलं चालत नाही

सुगरण_पण_आळशी
मग राहू द्या, माझं रिकरिंगच बरं