मदत हवी आहे: बोलोन्यात शाकाहारी रेनेटचं, किसता येणारं चीज

नमस्कार. पुढच्या महिन्यात सासूबाई-सासरे आमच्याकडे इटलीत, बोलोन्याला येताहेत. दोघंही शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. दूध-दही चालतं, त्यामुळे व्हीगन चीज सुचवू नका. आणून पाहिलं, घरात कुणालाच आवडलं नाही.

पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो ही दोन्ही चीजं बाद, कारण त्यांत वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवून चीज करायला वापरतात तो पदार्थ) असतं. इकडचा ताजा पास्ता अंड्याचा, म्हणून घरी रव्याचा सुकाच करणार. पियादिना (इकडची पोळी) डुकराच्या चरबीऐवजी ऑलिव्ह तेलातली बघून घेते. बाहेर मारिनारा पिझ्झा आहेच, त्यात चीजच नसतं. पण रोज तोच कसा खाऊ घालायचा?

हॉटेलात ‘वेजेतारियानो’ सांगितलं तरी वरून पार्मिजानो किसतातच, आणि रिसोत्तो (इकडचा मऊ भात) बरेचदा मांसाच्या ब्रोदोत, म्हणजे उकळून काढलेल्या रश्शात, शिजवलेला असतो. दुकानात बऱ्याच पाकिटांवर नुसतं ‘काल्यो’ (म्हणजे रेनेट) लिहिलेलं असतं, कशापासूनचं ते नाही. आमच्याकडे गाडी नाही, म्हणून गावाबाहेरची डेअरी नको.

तर ‘काल्यो वेजेताले’ (वनस्पतींपासूनचं रेनेट) किंवा मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासूनच्या, रेनेटचं, किसण्याइतकं कडक चीज साध्या सुपरमार्केटात कोणत्या नावाने मिळतं? आणि ब्रोदो भाज्यांचाच आहे ना, हे ऑर्डर देताना तुम्ही इटालियनमध्ये नेमकं कसं विचारता?