नेक हंबकर : ‘जॅझ’ घ्यावा की ‘फिफ्टीनाइन’?

गिरगावकर : माझी गिटार लेस पॉल धाटणीची, महोगनीची असून तिचा नेक पिकअप (तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारा, मानेजवळचा भाग) बदलायचा आहे. आमचा वाद्यवृंद गणेशोत्सवात आणि लग्नसमारंभांत जुनी-नवी मराठी व हिंदी गाणी सादर करतो, त्यामुळे स्वच्छ कॉर्ड्स आणि थोडे डिस्टॉर्शन लावून वाजवायची सुरावट हे दोन्ही मला नेकवरूनच काढावे लागते. सेमूर डंकन कंपनीच्या ‘जॅझ’ आणि ‘फिफ्टीनाइन’ या दोन्ही हंबकर (दोन वेटोळ्यांच्या, गुणगुण कमी करणाऱ्या) पिकअपमध्ये अल्निको ५ चुंबक आहे. नेकसाठीच्या ‘जॅझ’चा रोध सुमारे ७.७ किलोओहम, तर ‘फिफ्टीनाइन’चा सुमारे ७.४ आहे, रोध जास्त तर आवाज मंद असे मानतात, तरीही ‘जॅझ’च अधिक उजळ वाजतो असे सगळे सांगतात. मग निवड कशावरून करावी?

दादरकर : रोधावरून तारेची लांबी आणि जाडी यांचा अंदाज येतो, आवाजाचा नव्हे. आपण ‘जॅझ’च घ्यावा. नेकपाशी तारा ब्रिजपेक्षा (तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात त्या टोकापेक्षा) कितीतरी मोठ्या झोक्याने हलतात, म्हणून तिथला आवाज मुळातच भरीव असतो. त्यात महोगनी, शेजारी बेस गिटार आणि कीबोर्डवादकाचा डावा हात, एवढ्या गर्दीत ‘फिफ्टीनाइन’वर जाड, खालच्या सुरांच्या तारा कोंडल्यासारख्या ऐकू येतात. घरी एकट्याने वाजवताना ‘जॅझ’ काहीसा कोरडा वाटेल, पण मंडपातल्या लाउडस्पीकरवर कॉर्डमधला प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो.

पार्लेकर : मी सहमत नाही. आपल्या गाण्यांतले मधले तुकडे मूळ ध्वनिमुद्रणात बहुधा व्हायोलिनवर किंवा सतारीवर असतात आणि वाद्यवृंदात ते गिटारवाल्याच्या वाट्याला येतात. बाराव्या पडद्याच्या वर, पहिल्या दोन (सर्वांत बारीक) तारांवर असा तुकडा वाजवताना ‘जॅझ’ पातळ पडतो. सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये गिब्सनसाठी जो हंबकर घडवला, त्याच्या वळणावर ‘फिफ्टीनाइन’ बेतलेला आहे आणि तो भरीवपणा तिथे उपयोगी पडतो. कॉर्ड्स कोंडत असतील तर पिकअपची जाड तारांकडची बाजू थोडी खाली उतरवावी. त्यासाठी एक स्क्रू-ड्रायव्हर पुरेसा आहे.

लॅमिंग्टन रोडवाला : खर्च करण्याआधी गिटारचे पोट उघडून पाहावे, एवढेच सुचवतो. हंबकरसोबत साधारणतः ५०० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट (आवाजाच्या बटणाखालचा बदलता रोध) वापरतात. तिथे २५० चा निघाला, तर कोणताही पिकअप मंदच वाजेल. स्वस्त पॉटमध्ये छापील आकड्यापेक्षा वीस टक्के इकडेतिकडे सहज होते. मात्र मीटर लावण्यापूर्वी पिकअपची वायर सोडवून घ्यावी, नाही तर पॉटऐवजी पिकअपचेच सात-साडेसात किलोओहम दिसतात आणि माणूस चांगला पॉट फेकून देतो.

दादरकर : पॉटची सूचना रास्त आहे, ती आधी अमलात आणावी. पिकअप खाली उतरवण्याचा उपाय मात्र मला अर्धवट वाटतो. खालच्या तारा साफ व्हाव्यात म्हणून नेक पुरेसा उतरवला की त्याचा एकूण जोर कमी होतो, आणि मग गाण्याच्या मध्यात स्विच ब्रिजवर टाकताच आवाज एकदम अंगावर येतो. ती कसर प्रत्येक वेळी व्हॉल्यूमच्या बटणाने भरून काढणे चालू कार्यक्रमात जमत नाही. सुरावटीला भरीवपणा हवा असेल तर टोनचे बटण थोडे मागे घेता येते. कोंडलेला आवाज उघडण्याची सोय मात्र गिटारवर कुठेच नसते.

पार्लेकर : टोनचे बटण वरची धार कमी करते, खालचा भरीवपणा कुठून आणणार? शिवाय दादरकरांनी सांगितलेली गर्दी बेस गिटार आणि कीबोर्ड एकाच सप्तकात वाजल्यामुळे होते, त्यात पिकअपचा दोष नाही. गिरगावकर, आपण ‘फिफ्टीनाइन’ बसवावा आणि आपल्या कीबोर्डवादकाला डावा हात जरा आवरायला सांगावे.