प्रबंधात 'चिकित्सा' कशी दाखवायची? (बजेट 500)

पूर्वभागकर: एम.ए. इतिहास, शेवटचं सत्र. लघुशोधप्रबंध 1930 च्या सोलापूरच्या मार्शल लॉवर. गाइडनी दुसरं प्रकरण परत दिलं, समासात लाल पेनानं एकच ओळ: 'माहिती भरपूर, चिकित्सा कुठाय?' पुस्तक किंवा क्लास सुचवा, 500 च्या आत. तीन आठवडे उरलेत.

कडकभाकरी: पुण्यात दोन दिवसांची कार्यशाळा केलेली. 3500 घेतले, जेवण लई भारी. डोळे झाकून कर.

नवीपेठवाली: 500 म्हणतोय ना तो! मी 900 चं इंग्रजी पुस्तक घेतलं, अजून प्लॅस्टिकातच आहे. आधी बाइंडिंगवाला गाठ. माझ्या मुखपृष्ठावर 'लघुशोधप्रंबध' छापून आलं होतं.

निवृत्त_मास्तर: तुमचं एक वाक्य इथे टाका.

पूर्वभागकर: 'मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात मोठा उठाव झाला व गिरणी कामगारांनी त्यात उत्स्फूर्त सहभाग घेतला.'

निवृत्त_मास्तर: 'उत्स्फूर्त' कशावरून? इंग्रज सरकारच्या लेखी ती दंगल, तुमच्या लेखी उठाव. शब्द निवडलात, का निवडलात ते गिळलंत. दोन्ही शब्द शेजारी ठेवा, कुणी कुणासाठी लिहिलं ते सांगा, मग तुमचं मत. ते कुठे लंगडं पडतं तेही. कामगार गांधीजींसाठी उतरले की मजुरीचाही राग होता? कागदांवरून कळत नसेल तर तसं लिहा, तीही चिकित्साच. आणि 'व', 'तसेच' कमी करा. तिथे 'म्हणून' किंवा 'तरीही' घालून बघा; बसत नसेल तर तिथे विचार झालेलाच नाही.

हुरडाप्रेमी: चार हुतात्म्यांची फाशी घेतली का? 12 जानेवारी 1931, येरवडा.

पूर्वभागकर: घेतली, दोन पानं.

हुरडाप्रेमी: दोनच? त्यांच्या पुतळ्यांपाशी गाडी लावायलाही जागा नसते हल्ली.

कडकभाकरी: पार्किंगचा वेगळा धागा काढा ओ.

नवीपेठवाली: शब्द का निवडला ते लिही. मी हेच म्हणत होते.

हुरडाप्रेमी: एआयला टाक, दोन मिनिटांत चिकित्सा.

निवृत्त_मास्तर: आणि व्हायवाला, तोंडी परीक्षेला, कोण बसणार?

पूर्वभागकर: मास्तर, तुम्ही म्हणता तसं लिहून पाहिलं. एका वाक्याचं पाऊण पान झालं! या हिशेबानं दिवाळी उजाडेल. झेरॉक्सवाल्याकडं याच गाइडच्या जुन्या विद्यार्थ्याचा प्रबंध 180 ला मिळतोय. तोच समोर ठेवून लिहितो.

कडकभाकरी: कार्यशाळेचा नंबर पाठवू का?