पहिल्याच दिवशी डोळ्यांना वेल्डिंग लागलं, राहिलेलं काम कसं करावं?

माळरान (रविवार, पहाटे ३.२०)

राम राम मंडळी. मी सांगतोय आणि बायको टाईप करतेय, कारण मला मोबाईलचा उजेड सहन होत नाही.

मागच्या आठवड्यात २०० अँपिअरचं सिंगल फेज इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतलं. शेळ्यांच्या गोठ्याचं फाटक आणि जाळीचे खांब करायचे होते आणि गावातला फॅब्रिकेशनवाला दिवाळीच्या आधी मोकळा नाही म्हणाला. आयटीआय वगैरे काही नाही, व्हिडिओ बघून शिकलो. काल सकाळी दहाला सुरू केलं ते पाचपर्यंत. मशीनबरोबर हातात धरायची स्क्रीन आली होती, ती वापरली. पण टाके, म्हणजे पाइप जागेवर पकडायचे छोटे जोड, मारताना एका हातात पाइप, दुसऱ्यात रॉडचा होल्डर, स्क्रीन धरायला हातच उरत नव्हता. म्हणून टाके तेवढे डोळे मिटून मारले. धाकटा भाऊ पाइप धरून बसला होता, त्याने तोंड बाजूला फिरवलं होतं.

काम करताना दोघांनाही काही जाणवलं नाही. जेवलो, झोपलो. साडेबाराला दोघंही उठून बसलो. डोळ्यांत वाळू टाकून वरून चोळावं तसं होतंय, पाणी थांबत नाही. आईने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या आहेत. शेजारच्या मावशी म्हणतात बाळंतिणीचं दूध घाला. भावाला शिवाय थंडी वाजून कणकण आलीय, तोंडाला गोडसर चव येते म्हणतो. पाइप जुने जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेले होते, पांढरा धूर खूप निघत होता.

डोळ्यांना कायमचं काही होईल का? आणि अर्धं काम राहिलंय, ते आता कसं करू?

फॅब्रिकेशन_लाईन (रविवार, सकाळी ६.४५)

घाबरू नका भाऊ, या धंद्यात सगळ्यांना लागतं. मेडिकलवाल्याकडून डोळा बधिर करायचे थेंब आणा. दोन थेंब टाकले की पाच मिनिटांत शांत झोप. माझ्या पेटीत बाटली कायम असते.

दृष्टी_नाशिक (रविवार, सकाळी ७.३०)

मी डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीचं काम करते. कृपया हे बधिर करणारे थेंब घरी टाकू नका. तपासताना डॉक्टर एखादा थेंब टाकतात, ते वेगळं. आर्कच्या, म्हणजे रॉडच्या टोकाला पेटणाऱ्या ठिणगीच्या, अतिनील किरणांनी बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची वरची पातळ साल भाजते. ती साल एरवी २४ ते ४८ तासांत आपोआप भरून येते. बधिर करणारं औषध पुन्हापुन्हा पडलं तर हे भरून येणंच थांबतं, जखम खोल जाते आणि डोळा बधिर असल्याने ते कळतही नाही. अशांची नजर कायमची अधू होऊ शकते.

बटाटा मिटलेल्या पापणीवर गार वाटतो तेवढंच, त्याऐवजी स्वच्छ ओलं फडकं ठेवा. दूध, गुलाबपाणी, मध, काहीही डोळ्यांत घालू नका, सोललेल्या जागी जंतू शिरतात. अंधाऱ्या खोलीत पडून राहा, चोळू नका, दुखण्यासाठी साधी पॅरासिटामॉल चालेल. आज दिवसभरात एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, ते जंतू न होण्याचं मलम देतील.

एक खूण लक्षात ठेवा. आर्क लागली की बहुधा दोन्ही डोळे सारखे दुखतात. एकाच डोळ्यात टोचत असेल तर तिथे ग्राइंडरचा किंवा जोडावरच्या खपलीचा कण असू शकतो. लोखंडाचा कण राहिला की त्याच्याभोवती गंजाचं कडं धरतं, मग थांबून चालत नाही.

रोलरवाला (रविवार, सकाळी १०.०५)

ताईंनी सांगितलं ते अक्षर न् अक्षर पाळा.

मी साखर कारखान्यात २८ हंगाम वेल्डर होतो, आता दोन वर्षं घरी आहे. तुमचं वाचून आज सकाळचा चहा गोड लागला नाही. मलाही पहिल्या वर्षी असंच लागलं होतं आणि कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उन्हात हात धरला तर चटका लगेच कळतो. आर्क त्या वेळी काहीच सांगत नाही. डोळ्याचं दुखणं सहा ते बारा तासांनी वर येतं. पाचला काम संपवलं आणि साडेबाराला उठलात, बरोबर त्याच हिशोबात. भावाची थंडीसुद्धा तशीच उशिरा आलेली. म्हणून "मला तर काही झालं नाही" या अनुभवावर वेल्डिंगच्या कामात विश्वास ठेवता येत नाही.

डोळे मिटून टाके मारण्याचं असं आहे: रॉड कधी पेटणार ते हाताला नक्की माहीत नसतं. पापणी आधी मिटली तर रॉड भलतीकडे टेकतो, म्हणून माणूस नकळत शेवटपर्यंत बघत राहतो आणि आर्क पेटल्यावर मिटतो. एका टाक्याला थोडंसंच लागतं, पण सत्तर-ऐंशी टाक्यांचं मिळून दिवसभराचं होतं. आणि भावाने तोंड फिरवलं तरी गोठ्याचे पत्रे असतील ना आजूबाजूला? नवा पत्रा, चुन्याची भिंत, यांवरून ते किरण परत येतात. माझ्याबरोबरच्या एका हेल्परला पाठमोरा बसून लागलं होतं.

हातातली स्क्रीन मोठ्या, सरळ शिवणीसाठी ठीक. एकट्याने पाइप धरून टाके मारायचे असतील तर डोक्यावरचं हेल्मेटच हवं. आपोआप काळं होणारं मिळतं, ते टाक्यांच्या कामाला फार सोयीचं. काच काळी व्हायच्या आधीसुद्धा त्यातला फिल्टर अतिनील किरण अडवतोच, म्हणून त्या क्षणाची भीती नको. फक्त पुढचे सेन्सर ठिणग्यांनी झाकले जाऊ देऊ नका आणि दर सकाळी काच काळी होते ना ते पाहून घ्या. साधं हेल्मेट घेतलं तर काळ्या काचेवरचा नंबर बघा. बारा नंबरच्या रॉडला, म्हणजे अडीच मिलिमीटरला, ७० ते ९० अँपिअर लागतात, तिथे १० नंबरची काच. दहा नंबरचा रॉड शंभर-सव्वाशेवर चालवणार असाल तर ११. गॅस वेल्डिंगचा हिरवा गॉगल आर्कला अजिबात चालत नाही. भावालाही हेल्मेट घ्या. धरणाऱ्याला काच द्यायची राहून जाते आणि तोच रात्रभर तळमळतो. गोठ्यात पोरं येत असतील तर मध्ये ताडपत्री बांधा.

गळ्याचं बटण लावा. काल उघडं असेल तर आज आरशात लाल त्रिकोण दिसेल. सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, चामड्याचे लांब ग्लोव्ह्ज, बंद बूट, आणि पँट बुटाच्या बाहेरून, दुमडलेली नको. टेरिकॉटवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं.

आता भावाचं. ही जस्ताची थंडी आहे. जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं, पोलाद वितळायला १,४०० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणजे तुमचा जोड वितळेपर्यंत जस्ताची वाफ होऊन गेलेली असते, तोच तो कापसासारखा पांढरा धूर. चार ते दहा तासांनी थंडी, ताप, अंग मोडणं, तोंडाला धातूची गोडसर चव. बहुधा एक-दोन दिवसांत उतरते. पण धाप लागली, छाती भरल्यासारखी वाटली किंवा दोन दिवसांत ताप गेला नाही तर थेट डॉक्टरकडे, आणि जीआयवर वेल्डिंग केलं हे त्यांना आवर्जून सांगा, नाहीतर मलेरियाच्या तपासण्यांत दिवस जातात. आमच्याकडे ही थंडी सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी यायची. रोजच्या धुराला शरीर तात्पुरतं सरावतं, सुट्टीत तो सराव जातो आणि पुन्हा पहिल्यासारखी थंडी. त्या सरावाला लोक ताकद समजतात, ते चूक आहे. गूळ-दूध पिण्याचंही तसंच. पोटाला बरं, पण धूर फुप्फुसात गेलेला असतो.

जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन इंच जस्त आधी ग्राइंडरने काढा, मास्क लावून. वारा एका बाजूने येईल असं बसा, धुराच्या लोटात तोंड घालू नका. तोंडाला रुमाल बांधून हा धूर अडत नाही, एन ९५ घट्ट बसवा. आणि धूर फक्त जस्ताचा वाईट असं नाही. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सगळ्याच वेल्डिंगचा धूर कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला. स्टेनलेस स्टीलच्या धुरात तर क्रोमियम आणि निकेल असतं. माझा खोकला कोरडा, पहाटेचा, गेली सहा वर्षं आहे. तरुणपणी मास्क नव्हता असं नाही, मी लावला नाही.

माळरान (सोमवार, रात्री ८.३०)

आता स्वतः टाईप करतोय. डॉक्टरांनी मलम दिलं, आज संध्याकाळपासून उजेड सहन होतोय. भावाचा ताप सकाळी उतरला. काका, तुमचं दोनदा वाचून घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. गळ्याखालचा लाल त्रिकोण खरंच आहे.

अजून दोन गोष्टी. इकडे पाऊस चालू आहे, गोठ्यात जमीन ओली असते. शनिवारी रॉड बदलताना हाताला दोनदा झिणझिण्या आल्या. आणि एक डिझेलचा रिकामा ड्रम आहे, तो उभा कापून शेळ्यांना गव्हाण करायची आहे. तीन महिने उघडा पडलाय, वास येत नाही.

रोलरवाला (सोमवार, रात्री ९.५०)

ड्रमला हात लावू नका. आधी हेच सांगतो.

उघड्या ड्रमच्या शिवणीत, तळाच्या दुमडीत डिझेल चिकटून राहतं. थंड असताना त्याचा वास येत नाही. आर्क किंवा ग्राइंडर लागला की ते तापून त्याची वाफ होते, हवेशी मिसळते आणि ड्रम फुटतो. भरलेल्या ड्रमपेक्षा रिकामा जास्त धोक्याचा, कारण आत हवा आहे. वाफेने धुऊन, पाणी भरून कापणारे लोक आहेत, पण ते शिकलेल्या माणसासमोर करायचं काम आहे. गव्हाणीसाठी पाण्याचा जुना ड्रम मिळतो, तो घ्या. डिझेलच्या गव्हाणीत शेळ्या तोंडही घालणार नाहीत.

झिणझिण्यांचं. होल्डरवर काम थांबलेलं असताना ६० ते ८० व्होल्ट उभे असतात, तुमच्या मशीनच्या पाटीवर यू आणि शून्य लिहून पुढे आकडा असेल तो हाच. कोरड्या हाताला एवढं जाणवत नाही. घामेजलेला हात, ओली जमीन, लोखंडाला टेकलेला गुडघा, एवढं जमलं की तोच माणूस धरून ठेवू शकतो.

आमच्याकडे गाळप चालू असताना रोलर आर्किंग करतात. रोलर फिरत असतो, त्यावर उसाचा रस असतो, आणि दातांना खरबरीतपणा यावा म्हणून त्यावर वेल्डिंगचे ठिपके मारायचे, नाहीतर रोलर ऊस पकडत नाही. एका हंगामात माझ्या शेजारचा गडी भिजलेल्या ग्लोव्हने रॉड बदलताना चिकटला. ओरडताही येईना त्याला. मी त्याला ओढायला धावलो आणि फोरमनने मला मागे खेचून मशीन बंद केलं. तो वाचला. मी हात लावला असता तर दोघं गेलो असतो. म्हणून तुमच्या घरातल्या प्रत्येकाला, आईलासुद्धा, मशीनचा स्विच कुठला आहे ते दाखवून ठेवा.

तुम्ही कोरड्या लाकडी फळीवर उभे राहा. कोरड्या ग्लोव्हजची दुसरी जोडी जवळ ठेवा, रॉड नेहमी ग्लोव्हनेच बदला. होल्डर काखेत धरू नका, गार करायला पाण्यात बुडवू नका. मशीनला व्हीआरडी असेल तर चालू ठेवा, आर्क बंद असताना ते व्होल्टेज खाली आणतं. बोर्डात वायरी नुसत्या खोचल्या असतील तर आज काढा, प्लग लावा, आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. ते बोर्डापासून मशीनपर्यंतच्या २३० व्होल्टपासून वाचवतं, होल्डरच्या बाजूला त्याचा उपयोग नाही, म्हणून फळी आणि ग्लोव्ह हवेतच. पाऊस आत येत असेल त्या दिवशी काम बंद.

अर्थचा क्लॅम्प जोडाजवळच, घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर लावा. पुढेमागे ट्रॉलीला वेल्डिंग कराल तेव्हा ती ट्रॅक्टरपासून सोडवा, नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो.

आणि गोठ्यात कडबा असणार. ठिणग्या ३५ फुटांपर्यंत उडतात. आम्ही एकदा बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, कॅरिअरजवळ रात्री अकराला काम संपवलं, सगळं झाडून बघितलं, धूर नव्हता. पहाटे चारला खालच्या थराने पेट घेतला. तेव्हापासून मी काम संपल्यावर तासभर तिथेच बसतो. शेळ्या आणि कडबा आधी बाहेर काढा, पाण्याची बादली आणि ओलं पोतं हाताशी ठेवा, आणि शेवटचा जोड चारच्या आत मारा म्हणजे उजेडात लक्ष राहील.

फॅब्रिकेशन_लाईन (सोमवार, रात्री १०.४०)

ताई, मी ते थेंब वर्षातून सात-आठ वेळा तरी टाकतो, चार वर्षं झाली. उजव्या डोळ्याने रात्री दिव्याभोवती कडी दिसतात. दाखवू का?

दृष्टी_नाशिक (मंगळवार, सकाळी ७.१०)

उद्यावर टाकू नका, आजच दाखवा. बाटली बरोबर न्या आणि किती वेळा टाकलंत ते खरं सांगा. डॉक्टर रागावणार नाहीत, त्यांना ते कळणं गरजेचं आहे.

माळरान (मंगळवार, दुपारी १.१५)

ड्रम भंगारवाल्याला दिला. दोन हेल्मेट आणायला तालुक्याला निघालोय. काका, मशीनबरोबर आलेल्या स्क्रीनची काच काढून पाहिली, तिच्यावर कुठेच नंबर नाही.

रोलरवाला (मंगळवार, दुपारी १.३०)

मग ती नुसती रंगीत काच असेल, शनिवारी तुम्हाला स्क्रीन धरूनही लागलं असेल. दुसऱ्या कुणाच्या हाती लागायच्या आत ती फडक्यात गुंडाळून फोडून टाका. दुकानात पैसे द्यायच्या आधी नव्या काचेवरचा नंबर इथे लिहा, मी मोबाईल जवळ ठेवून बसलोय.