शोरूममधली सुपरबाइक आणि मोटोजीपीची प्रोटोटाइप: नेमका फरक कुठे पडतो?

घोडबंदरकर

नमस्कार. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी मोटरसायकल शर्यत झाली, तेव्हा भाच्याला घेऊन मी ती पाहायला गेलो होतो. बेझेकी जिंकला, मार्टिन दुसरा आला, आणि भाच्याच्या डोक्यात तेव्हापासून जे शिरले आहे ते अजून बाहेर पडलेले नाही. गेल्या रविवारी ठाण्यातल्या एका शोरूममध्ये आम्ही नुसतेच पाहायला गेलो असता तिथल्या विक्रेत्याने एका इटालियन सुपरबाइककडे बोट दाखवून, ‘ही मोटोजीपीचीच गाडी आहे, फक्त आरसे आणि दिवे लावले आहेत,’ असे सांगितले. भाच्याने ते तत्काळ खरे मानले.

मला ते पटले नाही. पण का पटले नाही, हे नीट सांगताही आले नाही. दोन्हीकडे इंजिन हजार सीसीच्या आसपास, दोन्हीकडे चार सिलिंडर, दोन्ही गाड्या ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे जाणाऱ्या. हेरेझ किंवा पोर्तिमाव यांसारख्या ज्या सर्किटवर मोटोजीपी आणि वर्ल्ड सुपरबाइक या दोन्ही स्पर्धा होतात, तिथल्या सर्वोत्तम लॅपमध्येही साधारण दोन सेकंदांचेच अंतर दिसते. मग मोटोजीपीची ही प्रोटोटाइप (विकण्यासाठी नव्हे, फक्त शर्यतीसाठी बनवलेली गाडी) म्हणजे नेमके वेगळे काय? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. पट्टीच्या तज्ज्ञांसाठी नव्हे, नववीतल्या मुलाला समजावता येईल अशा पद्धतीने सांगितले तर अधिक बरे.

रबाळे_जॉबवर्क

घोडबंदरकर साहेब, रबाळे एमआयडीसीत माझे सीएनसीचे (संगणकाच्या प्रोग्रामवर धातू कोरणाऱ्या यंत्रांचे) छोटे वर्कशॉप आहे, त्यामुळे मी हा प्रश्न वेगाच्या बाजूने न पाहता गाडी बनते कशी या बाजूने पाहतो.

सुपरबाइकचा जन्म ग्राहकापासून होतो. १९८८ मध्ये सुरू झालेल्या वर्ल्ड सुपरबाइक स्पर्धेचा मूळ नियमच असा आहे की जी गाडी शर्यतीत उतरवायची, ती आधी रस्त्यावर चालवण्यासाठी विकायला ठेवलेली असली पाहिजे, आणि ठरलेल्या मुदतीत तिचे काही शे नग तयार झाले पाहिजेत. मोटोजीपीच्या गाडीला ग्राहकच नाही. तिला नंबर प्लेट नको, प्रदूषणाचे निकष नकोत, साइड स्टँड नको, चाळीस हजार किलोमीटर चालण्याची हमी नको.

आता एकच भाग घेऊ, फ्रेम. कारखान्याला फ्रेम हजारांनी बनवायची असते, म्हणून तिचे भाग साच्यात ओततात. डाय, म्हणजे तो साचा, एकदा बनली की तिचा खर्च हजारो नगांवर वाटला जातो. म्हणून ती वर्षानुवर्षे बदलत नाहीत, बदलणे परवडतच नाही. माझ्याकडे एखादा ग्राहक पहिला नग तपासल्यावर ‘भिंत अर्धा मिलिमीटर पातळ करा’ म्हणाला आणि भाग ओतीव असला, तर मी हात जोडतो. तोच भाग ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरायचा असेल, तर प्रोग्राममध्ये एक आकडा बदलून दुपारपर्यंत नवा नग देतो. ठोकळ्याचा बराचसा भाग चिप्स (धातूचा कीस) होऊन गोणीत जातो आणि नग महाग पडतो, ही गोष्ट वेगळी. मोटोजीपीतल्या बऱ्याच ॲल्युमिनियम फ्रेम अशाच कोरलेल्या भागांना जोडून बनवतात, आणि एकाच हंगामात चालकापुढे दोन-तीन वेगवेगळ्या फ्रेम ठेवल्या जातात.

अर्धा मिलिमीटर पातळ करून मिळते काय, असा प्रश्न भाचा विचारेल. वळणात गाडी साठ अंशांहून अधिक कलते, तेव्हा सस्पेन्शन जमिनीशी जवळजवळ आडवे झालेले असते आणि रस्त्याचा उंचवटा त्याला धड शोषता येत नाही. तो धक्का मग फ्रेम आणि स्विंगआर्म (मागचे चाक धरणारी भुजा) स्वतः बाजूला किंचित लवून पचवतात. ती किती लवावी, कुठे लवावी आणि ब्रेक मारताना मात्र लांबीच्या दिशेने अजिबात का लवू नये, यावर अभियंत्यांची उमेदीची वर्षे जातात. सुपरबाइकच्या संघाला हे स्वातंत्र्य नाही. मुख्य फ्रेम कारखान्यातून आली तीच वापरायची. फार तर तिला जोड देऊन मजबुती वाढवता येते, पण तासून लवचीक करता येत नाही. तुमच्या विक्रेत्याचे वाक्य माझ्या दृष्टीने इथेच कोसळते.

कळव्याची_मेकॅनिकल

वरील उत्तर फ्रेमपुरते उत्तम आहे, पण त्यावरून शर्यतीतली सुपरबाइक म्हणजे शोरूममधली गाडी जशीच्या तशी, असा समज होऊ नये. इंजिनचे केसिंग मूळचेच ठेवावे लागते, तरी कॅमशाफ्टसारखे (झडपा उघडणारा दांडा) काही भाग ठरावीक मर्यादेत बदलता येतात. स्विंगआर्म आणि सस्पेन्शन शर्यतीचे असते, एक्झॉस्ट पूर्ण वेगळा असतो. समोर जे हेडलाइट दिसतात ते तर निव्वळ स्टिकर असतात.

विक्रेत्याच्या बोलण्यात तथ्याचा अंशही आहे, आणि तो मान्य करायला हवा. डुकाटीच्या पानिगाले व्ही४ मधील सिलिंडरचा व्यास ८१ मिमी आहे, आणि मोटोजीपीच्या नियमांनी २०१२ पासून घातलेली कमाल मर्यादा नेमकी तितकीच आहे. नव्वद अंशांची व्ही रचना, उलट्या दिशेने फिरणारा क्रँक आणि झडप स्प्रिंगऐवजी कॅमनेच बंद करणारी डेस्मो यंत्रणा, हे सगळे डुकाटीच्या मोटोजीपीच्या गाडीतही आहे. गंमत अशी की शोरूममधल्या त्या गाडीचे इंजिन ११०३ सीसीचे असल्यामुळे ती सुपरबाइक शर्यतीतच उतरू शकत नाही, कारण चार सिलिंडरना तिथे १००० सीसीची मर्यादा आहे. त्यासाठी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ५३.५ वरून ४८.४ मिमीपर्यंत कमी करून ९९८ सीसीची व्ही४ आर बनवावी लागली. हौशी ग्राहकांना ती विकली जाते, पण ती जन्माला आली नियमापोटी.

डुकाटी सोडून मोटोजीपीतल्या इतर कंपन्या झडपा बंद करण्यासाठी दाबाखालचा वायू वापरतात. मिनिटाला अठरा हजार फेऱ्यांच्या पुढे पोलादी स्प्रिंग झडपेचा पाठलाग करू शकत नाही आणि झडप पिस्टनवर आपटण्याचा धोका निर्माण होतो. वायूला ती अडचण नसते. पण तो थोडा थोडा गळत राहतो म्हणून गाडीवर छोटी बाटली ठेवून तो भरून काढावा लागतो. अशी गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गणपतीचे दहा दिवस उभी ठेवली आणि अकराव्या दिवशी थेट स्टार्टर दाबला, तर काय होईल याचा विचार करावा.

गिअरबॉक्सचेही तसेच आहे. रस्त्यावरच्या गाडीत क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलू देणारी सोय) असला तरी आधीचा गिअर सुटतो, क्षणभर ताकद थांबते आणि मग पुढचा गिअर बसतो. होंडाने २०११ मध्ये मोटोजीपीत आणलेल्या सीमलेस गिअरबॉक्समध्ये आधीचा सुटण्यापूर्वीच पुढचा पकड घेतो, त्यामुळे मागच्या चाकाला झटका बसत नाही आणि कललेल्या अवस्थेतही गिअर बदलता येतो. सुपरबाइकमध्ये हा गिअरबॉक्स नसतो.

आणि ब्रेक. मोटोजीपीत कार्बनच्या डिस्क असतात, ज्या तापून काही शे अंशांवर गेल्याशिवाय नीट पकडत नाहीत. सुपरबाइकमध्ये पोलादाच्या असतात. माजिवड्याच्या सिग्नलला थंड कार्बन डिस्क घेऊन पोहोचलेला माणूस सिग्नलच्या पलीकडेच थांबेल.

नेरूळचा_वाचक

दोन्ही उत्तरे वाचून ‘प्रोटोटाइप म्हणजे सगळी मोकळीक’ असे वाटण्याची शक्यता आहे, म्हणून उलटी बाजू नोंदवतो. २०१६ पासून मोटोजीपीत सर्वांना मॅग्नेटी मारेलीचे एकच इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आणि एकच सॉफ्टवेअर वापरावे लागते, उलट सुपरबाइकच्या कंपन्यांना स्वतःचे सॉफ्टवेअर लिहिण्याची मुभा आहे. ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या एबीएसला मोटोजीपीत बंदी आहे, तर आपल्याकडे २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला ते सक्तीचे आहे. रस्त्याचा अंदाज घेऊन स्वतःहून मऊ-कडक होणारे इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन ठाण्याच्या शोरूममधल्या महागड्या गाडीत मिळते, पण मोटोजीपीच्या गाडीत चालत नाही. म्हणजे आरसे-दिवे काढून ती मोटोजीपीची होईल असे नाही. आणखी बरेच काही काढावे लागेल.

किमान वजन मोटोजीपीत १५७ किलो, सुपरबाइकमध्ये १६८. टायर मोटोजीपीत २०१६ पासून मिशेलिनचे आणि सुपरबाइकमध्ये २००४ पासून पिरेलीचे, आणि माझ्या मते चालकांना एका स्पर्धेतून दुसरीत जाताना जो त्रास होतो त्याचे मूळ इंजिनापेक्षा इथेच अधिक आहे. सहा वेळा सुपरबाइक विजेता ठरलेला जोनाथन रे आणि तीन वेळा विजेता ठरलेला टोप्राक राझगात्लिओग्लू यांची ब्रेक मारण्याची पद्धत त्या टायरवर घडलेली आहे.

शेवटी त्या दोन सेकंदांविषयी. वीस-पंचवीस लॅपच्या शर्यतीत लॅपमागे दोन सेकंदांचे अंतर म्हणजे विजेत्याने झेंडा पाहिला तेव्हा दुसरा चाळीस-पन्नास सेकंद मागे आहे. सरळ रस्त्यावर तर फरक उघड दिसतो: २०२३ मध्ये मुजेलोला ब्रॅड बाइंडरची केटीएम ताशी ३६६.१ किलोमीटरने गेली होती.

घोडबंदरकर

सर्वांचे मनापासून आभार. स्टिकरचे हेडलाइट हा मुद्दा भाच्याला सर्वांत जास्त आवडला, आणि त्याने लगेच जुने फोटो मोठे करून खात्री करून घेतली. आता त्याचा नवा प्रश्न असा की या दोहोंच्या मधली काही गाडी असते का, म्हणजे इंजिन दुकानातले आणि बाकी सगळे प्रोटोटाइप?

रबाळे_जॉबवर्क

भाच्याला सांगा की प्रश्न अचूक आहे. मोटोजीपीच्या खालच्या वर्गाची मोटो२ नेमकी तीच आहे. २०१९ पासून तिथे सर्वांना ट्रायम्फचे ७६५ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन मिळते, जे मुळात स्ट्रीट ट्रिपल या रस्त्यावरच्या गाडीतून आलेले आहे. त्याआधी होंडाच्या सीबीआर६००आरआरचे इंजिन होते. फ्रेम मात्र कोरून बनवलेली. खुद्द मोटोजीपीतही २०१२ आणि २०१३ मध्ये खर्च आवरण्यासाठी सीआरटी नावाचा असाच प्रयोग झाला, तो फार टिकला नाही. उलट दिशेचा प्रयोग होंडाने २०१५ मध्ये केला: मोटोजीपीच्या गाडीलाच दिवे आणि आरसे लावून आरसी२१३व्ही-एस या नावाने १,८८,००० युरोंना विकायला काढले, पण त्यातूनही वायूच्या झडपा आणि सीमलेस गिअरबॉक्स आधी काढावे लागले. तुमच्या विक्रेत्याचे वाक्य त्यातल्या त्यात कुठल्या गाडीला शोभले असते, तर हिला.

२०२७ पासून मोटोजीपीचे इंजिन ८५० सीसीचे होणार आहे आणि गाडी खाली-वर करणाऱ्या यंत्रणांवर बंदी येणार आहे, त्यामुळे तुमच्या त्या दोन सेकंदांचा हिशेब तेव्हा पुन्हा मांडावा लागेल.

शनिवारी आमच्याकडे दुपारनंतर काम हलके असते. भाच्याला घेऊन या; ओतीव भाग आणि कोरीव भाग दोन्ही शेजारी ठेवून दाखवतो. पायात बूट घालून यायला सांगा, चिप्स चपलेत शिरतात.